चित्रपट आणि मालिकांच्या क्षेत्रातील इंटर्नशिप: मुलाखतीची तयारी कशी करावी

मुंबईत अंधेरी, ओशिवरा आणि गोरेगाव या पट्ट्यात चित्रपट, मालिका आणि वेबमालिका तयार करणाऱ्या अनेक निर्मितिसंस्थांची कार्यालये आहेत. इंटर्नशिपच्या मुलाखती तिथे, क्वचित थेट सेटवर किंवा अलीकडे व्हिडिओ कॉलवर होतात. बँकेतल्या मुलाखतीसारखी ही मुलाखत आखीव नसते. समोर बसलेली व्यक्ती बहुधा मनुष्यबळ विभागातली नसते. ती सहयोगी दिग्दर्शक, कार्यकारी निर्माता किंवा पोस्ट-प्रॉडक्शन (चित्रीकरणानंतरचे संकलन, ध्वनी वगैरे काम) सांभाळणारी असते, दोन कामांच्या मध्ये तिने पंधरा-वीस मिनिटे काढलेली असतात आणि तेवढ्या वेळात तिला एकाच गोष्टीचा अंदाज घ्यायचा असतो: या मुलाला किंवा मुलीला उद्या सकाळी एखादे काम सांगितले, तर ते आपल्याला पुन्हा तपासत बसावे लागेल का? ‘मला लहानपणापासून सिनेमाची आवड आहे’ या वाक्यातून त्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. खाली दिलेली सगळी तयारी त्या एका उत्तरासाठी आहे. ती नीट करायची असेल, तर हाताशी किमान दोन-तीन आठवडे ठेवावेत, कारण यातला मोठा भाग वाचून होणारा नाही, प्रत्यक्ष करून पाहण्याचा आहे.

आधी विभाग ठरवा

‘मला कुठेही चालेल, शिकायचे आहे’ हे उत्तर नम्र वाटते, पण मुलाखत घेणाऱ्याचे काम त्याने वाढते, कारण तुम्हाला कुठे बसवायचे हे आता त्याला ठरवावे लागते. अर्ज करण्यापूर्वीच एक विभाग पक्का करावा आणि दुसरा पर्याय मनात ठेवावा. त्यासाठी त्या त्या विभागात इंटर्नला प्रत्यक्षात काय करावे लागते, हे माहीत हवे.

दिग्दर्शन विभागात इंटर्न क्लॅप देतो (शॉटच्या सुरुवातीला क्रमांकाची पाटी कॅमेऱ्यासमोर वाजवतो), संवादांची बदललेली पाने कलाकारांपर्यंत पोचवतो, कंटिन्युटीची (एका शॉटपासून दुसऱ्या शॉटपर्यंत कपडे, वस्तू, केस तसेच दिसावेत यासाठीची) छायाचित्रे काढून ती प्रसंग क्रमांकानुसार लावतो आणि गर्दीच्या प्रसंगात ज्युनिअर आर्टिस्टना जागेवर उभे करतो. दिग्दर्शनाविषयीचे मत त्याला सहसा कोणी विचारत नाही. निर्मिती विभागात कॉल शीट (कोणी, कुठे, किती वाजता हजर व्हायचे याचा दिवसाचा कागद) सर्वांना पोचली की नाही याची खातरजमा, गाड्यांची आणि जेवणाच्या माणसांची मोजदाद, परवानगीच्या अर्जांच्या प्रती आणि किरकोळ खर्चाची व्हाउचरे सांभाळणे ही कामे येतात. पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये चित्रित साहित्याची नोंद, हार्ड ड्राइव्हचे रजिस्टर आणि सबटायटल्सची तपासणी असते. कास्टिंगमध्ये ऑडिशनच्या वेळा लावणे, आलेल्यांची नोंद ठेवणे आणि कॅमेऱ्यामागून समोरच्या पात्राचे संवाद वाचून देणे हे रोजचे काम असते. तुमचे वाचन सपाट असेल तर ऑडिशन देणाऱ्याचे नुकसान होते, म्हणून तिथल्या मुलाखतीत वाचायला लावतात. लेखन विभागात बैठकीची टिपणे काढणे, झालेल्या भागांचा सारांश ठेवणे आणि कथेतली माहिती एकमेकींशी जुळते का ते पाहणे अपेक्षित असते. वाहिनीच्या बाजूला प्रोमो, कार्यक्रम-आखणी आणि समाजमाध्यमे असे विभाग असतात आणि तिथली दिनचर्या सेटपेक्षा बरीच कार्यालयीन असते.

यातले कोणते काम सलग दोन महिने, कंटाळा आला तरी, नीट करता येईल हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे. दिग्दर्शक व्हायचे म्हणून दिग्दर्शन विभागातच शिरले पाहिजे असे नाही. माझ्या मते संकलनाच्या खोलीत घालवलेले दोन महिने होऊ घातलेल्या दिग्दर्शकाला फार काही देतात, कारण सेटवर कोणता शॉट घ्यायचा राहून गेला हे तिथे रोज दिसते.

संस्था कोणती, तिचा धंदा कसा चालतो

मुलाखतीला जाणाऱ्या पुष्कळ विद्यार्थ्यांचा वाहिनी आणि निर्मितिसंस्था यांत गोंधळ होतो, आणि तो पहिल्या दोन मिनिटांत उघडा पडतो. मराठी दैनंदिन मालिकेत सर्वसाधारण व्यवस्था अशी असते की वाहिनी मालिका मागवते आणि पैसे देते, निर्मितिसंस्था ती तयार करते, आणि वाहिनीचा कार्यकारी निर्माता कथा, कलाकार आणि प्रत्येक भाग यांवर लक्ष ठेवतो. चित्रपटात निर्माता पैसा उभा करतो, वितरक तो चित्रपटगृहांपर्यंत नेतो आणि डिजिटल व उपग्रह हक्कांची विक्री वेगळी होते. तुम्ही ज्या दारात उभे आहात ती संस्था या साखळीत कुठे बसते, हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे.

या साखळीत गेल्या काही वर्षांत मोठे बदल झाले आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार इंडिया आणि व्हायकॉम १८ यांचे विलीनीकरण झाले, त्यामुळे एकेकाळी प्रतिस्पर्धी असलेल्या स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या वाहिन्या आज जिओस्टार या एकाच कंपनीकडे आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एकत्र होऊन जिओहॉटस्टार सुरू झाले. निर्मितिसंस्थेच्या दृष्टीने याचा अर्थ असा की मालिका विकायला जाण्याची दारे कमी झाली. हे कोणी तुम्हाला विचारेलच असे नाही, पण ‘सध्या या क्षेत्रात काय चालले आहे असे वाटते?’ हा प्रश्न हमखास येतो आणि त्या वेळी ओटीटीमुळे सगळे बदलले आहे असे मोघम बोलण्यापेक्षा ही एक गोष्ट नेमकी सांगणे चांगले. मालिकांच्या संस्थेत जाणार असाल, तर बार्क या दूरचित्रवाणीचे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेच्या साप्ताहिक प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांकडे तिथे सगळ्यांचे डोळे का लागलेले असतात आणि त्या आकड्यांवरून कथेचा ट्रॅक कसा फिरवला जातो, हेही समजून घ्यावे.

आता प्रत्यक्ष गृहपाठ. संस्थेची अलीकडची दोन-तीन कामे पाहावीत. मालिका सुरू असेल तर सलग पाच-सहा भाग पाहावेत. पाहताना वही हातात असावी. मालिकेत अर्ध्या तासाच्या वेळेत जाहिराती वगळून साधारण बावीस मिनिटांचे चित्रण असते. त्यात किती प्रसंग आहेत, किती ठिकाणे वापरली आहेत, जाहिरातीपूर्वी प्रसंग कुठे तोडला आहे आणि भागाच्या शेवटी कोणता प्रश्न अधांतरी ठेवला आहे, याची नोंद करावी. पाच भागांची अशी नोंद केली की त्या मालिकेच्या निर्मितीचे गणित आपोआप दिसू लागते: एका घराच्या सेटवर भागातले बहुतेक प्रसंग का घडतात, बाहेरचे चित्रण आठवड्यातून एखाद्याच भागात का येते, एखादे पात्र चार दिवस ‘गावाला’ का जाते. चित्रपटाच्या बाबतीत श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचावी आणि तुमच्या विभागातील नावे लिहून घ्यावीत. मुलाखत घेणारी व्यक्ती त्याच यादीतली निघण्याची शक्यता बरीच असते.

बायोडाटा आणि कामाचे नमुने

बायोडाटा एका पानाचा पुरे. त्यात संपर्क, शिक्षण, येणारी सॉफ्टवेअर, भाषा आणि केलेली कामे असावीत. छंदांची यादी आणि ‘ध्येय’ या मथळ्याखालचा परिच्छेद काढून टाकावा. ‘भाषा’ या रकान्यात नुसते मराठी, हिंदी, इंग्रजी असे लिहू नये. मराठी युनिकोडमध्ये वेगाने टंकलेखन येते का, हे लिहावे, कारण मराठी मालिकेच्या कार्यालयात संवादांची पाने आयत्या वेळी बदलतात आणि ती शुद्ध व झटपट टाइप करणारा माणूस तिथे सतत लागतो. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी किंवा कोल्हापूरकडची बोली घरची असेल तर तीही नोंदवावी. बोलीभाषेतल्या मालिकांना संवाद तपासायला अशी माणसे हवी असतात.

ज्यांनी चित्रपट-शिक्षण घेतलेले नाही, त्यांना आपल्याकडे दाखवण्यासारखे काही नाही असे वाटते. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमधून किंवा गोरेगावच्या चित्रनगरीतल्या व्हिसलिंग वूड्समधून आलेल्यांकडे तयार लघुपट असतात, हे खरे आहे. पण महाराष्ट्रात एकांकिकांची जी परंपरा आहे, तिच्यातला अनुभव या क्षेत्रात मोलाचा मानला जातो, आणि विद्यार्थी तो बायोडाटात नीट मांडत नाहीत. पुरुषोत्तम करंडक, फिरोदिया करंडक किंवा राज्य नाट्य स्पर्धेत तुम्ही बॅकस्टेज सांभाळले असेल, तर ‘नाटकात सहभाग’ असे लिहून तो अनुभव वाया घालवू नये. ‘एकांकिकेच्या रंगमंच-साहित्याची यादी आणि जुळणी माझ्याकडे होती, चाळीस वस्तू, तीन वेशबदल, नेपथ्य उभे करायला स्पर्धेने दिलेली मर्यादित वेळ’ असे लिहिले की मुलाखत घेणाऱ्याला तुमच्याकडून काय अपेक्षा ठेवता येईल ते लगेच कळते. आकडे अर्थातच खरे असावेत, कारण पुढचा प्रश्न त्यांच्यावरच येतो. गणेशोत्सवातल्या कार्यक्रमाचे व्यवस्थापन, महाविद्यालयाच्या वार्षिक महोत्सवाचे चित्रीकरण, गोव्यात २००४ पासून भरणाऱ्या इफ्फी या भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवामध्ये किंवा पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात स्वयंसेवक म्हणून केलेले काम यांनाही हेच लागू आहे.

व्हिडिओचा नमुना द्यायचा असेल तर तो दीड मिनिटाच्या आत ठेवावा आणि सर्वांत चांगले काम पहिल्या वीस सेकंदांत यावे. गटाने केलेल्या लघुपटात तुमचा वाटा कोणता, हे नावानिशी लिहावे. दुवा पाठवण्यापूर्वी तो दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहावा. परवानगी मागणारा बंद दुवा हे अर्ज बाजूला पडण्याचे अगदी नेहमीचे कारण आहे. लेखनासाठी अर्ज करणाऱ्यांनी एक पूर्ण प्रसंग आणि एक पानाचा कथासार पाठवावा. ती कल्पना स्वतःची आणि पुढे वापरायची असेल, तर आधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे तिची नोंदणी करून घ्यावी. सभासद झाल्यावर ही नोंदणी ऑनलाइन होते.

एका प्रसंगाचे ब्रेकडाउन करून पाहा

दिग्दर्शन आणि निर्मिती या दोन्ही विभागांच्या मुलाखतीत उपयोगी पडेल असा एकच सराव सुचवायचा झाला, तर तो ब्रेकडाउनचा. ब्रेकडाउन म्हणजे लिहिलेला प्रसंग चित्रित करण्यासाठी काय काय लागेल याची विभागवार फोड. एक छोटा प्रसंग घेऊ.

‘आतील. देशमुखांचे स्वयंपाकघर. सकाळ. सुमन गॅसवर चहा ठेवते. खिडकीबाहेर पाऊस. अनिकेत ओल्या कपड्यांनी आत येतो आणि हातातले पाकीट टेबलावर ठेवतो. सुमन पदराला हात पुसत पाकीट उचलते, पत्ता वाचते आणि मागे वळते. चहा उतू जातो.’

कागदावर हा प्रसंग पानाचा जेमतेम पाव भाग व्यापतो. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे सुमारे एक मिनिट असा ढोबळ हिशेब धरतात आणि वेळापत्रक लावताना पानाचे आठ भाग करून मोजतात. म्हणजे हा प्रसंग दोन-अष्टमांश पानाचा, पडद्यावर पंधरा सेकंदांच्या आसपासचा. पण तो चित्रित करायला किती वेळ लागेल, हे या मोजमापावरून ठरत नाही, आणि नेमके हेच मुलाखतीत दाखवता आले पाहिजे.

कलाकार दोन. अनिकेत ओला आहे, म्हणजे त्याच्या कपड्यांचे एकसारखे किमान दोन-तीन जोड, टॉवेल, आणि प्रत्येक टेकपूर्वी (तोच शॉट दरवेळी घेण्यापूर्वी) तितकेच भिजवण्याची व्यवस्था. पाऊस खिडकीबाहेर आहे, म्हणजे पावसाची पाइपलाइन, टँकर, पाण्याचा निचरा. त्या आवाजात संवाद स्वच्छ मिळणार नाहीत, त्यामुळे प्रसंगात बोलणे असते तर ध्वनिमुद्रकाला आधी विचारावे लागले असते. गॅस खरा पेटवायचा आहे, म्हणून सुरक्षेची तजवीज हवी. पाकिटावर पत्ता आहे, तो प्रेक्षकाला वाचता यावा असा क्लोज-अप आहे का, हे दिग्दर्शकाला विचारायला हवे. असेल तर अक्षर कोणाचे, तिकीट आणि शिक्का कोणत्या काळातला, आणि पाऊस असल्याने पाकीट ओले की कोरडे, हे कलाविभागाला आजच कळवावे लागेल, आणि पाकिटाच्या पाच-सहा प्रती लागतील. चहा उतू जाणे हा या प्रसंगातला सर्वांत वेळखाऊ भाग आहे: प्रत्येक टेकनंतर शेगडी पुसायची, पातेले बदलायचे, दूध पुन्हा उकळीला आणायचे आणि नेमक्या त्याच क्षणी ते वर यायला हवे. अनुभवी सहायक हा शॉट वेगळा, शेवटी घेण्याचे सुचवेल.

मग कंटिन्युटी. अनिकेतचे केस किती ओले, पाकीट कोणत्या हातात होते, टेबलावर कोणती बाजू वर होती, त्याच्या पावलांचे पाणी फरशीवर कुठपर्यंत आले, सुमनने पदराचे कोणते टोक हाताला लावले आणि पुढच्या शॉटमध्ये ते ओलसर दिसते का. शिवाय याआधीचा प्रसंग बाहेरच्या पावसातला असेल आणि तो आठवड्याने वेगळ्या ठिकाणी चित्रित होणार असेल, तर आज अनिकेतने घातलेला शर्ट, घड्याळ आणि केसांचा भांग यांची छायाचित्रे तोवर जपून ठेवावी लागतील.

अशा चार-पाच प्रसंगांची फोड स्वतः करावी. जुन्या एकांकिकेतला प्रसंग घेतला तरी चालेल. त्यातली एक नीट टाइप करून मुलाखतीला सोबत न्यावी आणि योग्य प्रश्न आला तर पुढे करावी. हा कागद पाहिल्यावर बोलण्याचा रोख बदलतो, कारण तिथून पुढे तुमच्या आवडीविषयी बोलणे थांबते आणि कामाविषयी सुरू होते.

इतर विभागांचा गृहपाठ

पोस्ट-प्रॉडक्शनसाठी प्रीमियर प्रो किंवा दाविंची रिझॉल्व्ह यांपैकी एक बऱ्यापैकी यायला हवे. दाविंचीची मोफत आवृत्ती सरावाला पुरेशी आहे. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने आणि आपल्याकडचे दूरचित्रवाणीचे काम २५ फ्रेमने का चालते, मूळ फुटेजऐवजी हलक्या प्रॉक्सी फाइल्सवर संकलन करून शेवटी मूळ फुटेज कसे जोडतात, आणि क्लॅपच्या आवाजावर चित्र व ध्वनी कसे जुळवतात, हे समजावून सांगता यावे. सॉफ्टवेअरपेक्षाही शिस्तीचे प्रश्न अधिक येतात: फाइलच्या नावात तारीख, भाग आणि आवृत्ती कशी लिहाल, कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड रिकामे करण्यापूर्वी काय तपासाल? फुटेजच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, आणि प्रती पडताळल्याशिवाय कार्ड पुसायचे नाही, हे उत्तर पाठ नव्हे तर सवयीचे हवे.

निर्मिती विभागासाठी एक्सेल नीट यावे आणि एक काल्पनिक कॉल शीट तयार करून पाहावी, ज्यात ठिकाण, नकाशाचा दुवा, विभागवार कॉलटाइम, प्रसंग क्रमांक, कलाकार, जवळचे रुग्णालय आणि सूर्यास्ताची वेळ असेल. मुंबईचा भूगोल माहीत असणे हेही इथे कौशल्य ठरते: चित्रनगरी, मढ, नायगाव, मीरा रोड, ठाण्याचा घोडबंदर रस्ता या चित्रीकरणाच्या जागा एकमेकींपासून किती दूर आहेत आणि एकाच दिवशी दोन ठिकाणी युनिट हलवण्यात किती तास जातात, हे सांगता यावे. मराठी मालिकांचे चित्रीकरण वाई-सातारा परिसरातही होते आणि कोल्हापुरातही चित्रनगरी आहे, म्हणून त्या भागातल्या विद्यार्थ्यांनी मुंबईबाहेरच्या युनिटविषयी आवर्जून विचारावे.

प्रसिद्धी आणि प्रोमोच्या विभागात जाणाऱ्यांनी एका चालू चित्रपटाच्या प्रसिद्धीचा पहिल्या टीझरपासून प्रदर्शनापर्यंतचा क्रम तारखांसह मांडून पाहावा. सेन्सॉर प्रमाणपत्राचे प्रकारही माहीत असावेत. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर यूए (लहान मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याचा) या वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन भाग झाले आहेत, आणि प्रसिद्धीचा मजकूर करताना हे लागते.

प्रश्न कसे येतात आणि उत्तर कसे द्यावे

‘स्वतःबद्दल सांगा’ याला दीड मिनिटाचे उत्तर तयार ठेवावे: सध्या काय शिकता, कोणते एक काम जबाबदारीने केले, आणि याच विभागात का यायचे आहे. गावापासून सुरुवात करून आयुष्यक्रम सांगू नये.

‘आमचे कोणते काम आवडले नाही?’ हा प्रश्न बऱ्याच जणांना अडचणीत टाकतो. सगळेच आवडले असे म्हटले तर तुम्ही पाहिलेले नाही असा अर्थ निघतो, आणि कथा फसली असे म्हटले तर समोर बसलेल्यानेच ती मंजूर केलेली असू शकते. अशा वेळी तुमच्या विभागापुरते बोलावे आणि नेमके बोलावे. उदाहरणार्थ, ‘तिसऱ्या भागातला दवाखान्याचा प्रसंग मला लांबलेला वाटला, बातमी कळल्यावर तीन जणांच्या प्रतिक्रिया एकाच लांबीच्या होत्या, मुलीची थोडी आधी कापली असती तर आईवर अधिक वेळ राहता आले असते.’ मत चुकीचे ठरले तरी हरकत नसते. तुम्ही लक्ष देऊन पाहिले आहे, एवढे त्यातून सिद्ध होते.

मग व्यवहाराचे प्रश्न येतात आणि निवड पुष्कळदा इथेच ठरते. ‘सकाळी सातचा कॉल आहे, सेट मढला आहे, तू राहतोस बदलापूरला. कसा येशील?’ या प्रश्नाला ‘सर, मी मॅनेज करीन’ हे उत्तर ऐकू येते तेव्हा समोरचा मनातल्या मनात फुली मारतो. पहाटेची कोणती लोकल, दादरला गाडी बदलून मालाड किंवा वर्सोवा यांपैकी कुठून पुढे जायचे, तिथून काय साधन, आणि रात्री पॅकअप उशिरा झाला तर मुक्काम कुठे, हे आधीच शोधून ठेवावे. जमण्यासारखे नसेल तर मालाडला नातेवाइकांकडे किंवा मित्राच्या खोलीवर राहण्याची सोय विचारून ठेवावी आणि तसे सांगावे. मालिकांच्या सेटवर बारा तासांची शिफ्ट नेहमीची असते. परीक्षा, हजेरी आणि ही शिफ्ट यांचा मेळ कसा घालणार, याचेही उत्तर तारखांसह हवे.

‘दोन वरिष्ठांनी एकाच वेळी दोन कामे सांगितली तर?’ यासारख्या प्रश्नांत तुमचा स्वभाव पाहिला जातो. ज्याच्या हाताखाली तुम्हाला दिले आहे त्याला तत्काळ सांगून क्रम विचारणे, आणि दुसऱ्याला किती वेळ लागेल ते कळवणे, हे सरळ उत्तर आहे. चूक झाल्यास ती लगेच कळवाल का, हेही याच पोटात येते. क्लॅपवर चुकीचा टेक क्रमांक लिहिला गेला आणि तो सांगितला नाही, तर संकलकाला नंतर तासन्‌तास शोधाशोध करावी लागते.

‘पुढे काय व्हायचे आहे?’ याला खरे उत्तर द्यावे. लेखक व्हायचे असेल तर लेखक म्हणावे, पण या दोन महिन्यांत या टेबलावर काय शिकायचे आहे तेही जोडावे. अभिनय करायचा आहे आणि दिग्दर्शन विभाग ही केवळ आत शिरण्याची वाट आहे, असा संशय आला की निवड होत नाही. तसे खरोखर असेल तर ऑडिशनचाच मार्ग धरणे तुमच्याही हिताचे आहे.

काही ठिकाणी तिथल्या तिथे चाचणी घेतात: संवाद वाचून दाखवणे, कच्च्या फुटेजमधून तीस सेकंदांचा प्रोमो, एका भागाचा शंभर शब्दांत सारांश. ती करताना सूचना पुन्हा एकदा विचारून घ्याव्यात आणि वेळ पाळावी. अर्धवट पण वेळेत दिलेले काम उशिरा दिलेल्या चांगल्या कामापेक्षा इथे बरे मानले जाते. भाषेचा बाऊ करू नये. मराठी युनिटमध्ये मराठीतच बोलावे; हिंदी संस्थेत हिंदी आणि इंग्रजी यांची सरमिसळ सर्रास चालते, आणि साध्या, पूर्ण वाक्यांत बोलणाऱ्याचे इंग्रजी थोडे अडखळले तरी कोणी अडवत नाही.

तुम्ही विचारायच्या गोष्टी, आणि सुरक्षितता

शेवटी ‘काही विचारायचे आहे का?’ असे म्हटले जाते तेव्हा गप्प राहू नये. कालावधी किती, वेळा काय, विद्यावेतन आहे की नाही, प्रवासखर्च आणि जेवण मिळते का, काम कोणाच्या हाताखाली असेल, प्रमाणपत्र केव्हा मिळेल, हे सगळे विचारण्यात संकोच नसावा. विनावेतन इंटर्नशिप या क्षेत्रात अजूनही आढळतात. मुंबईत राहण्याचा खर्च पाहता हे अन्यायाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि किमान प्रवास व जेवण मागणे हा उद्धटपणा समजू नये. नव्या शैक्षणिक धोरणाखाली अभ्यासक्रमातील प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणाचे श्रेयांक हवे असतील, तर महाविद्यालयाचे पत्र, तासांची नोंद आणि मूल्यमापनाचा नमुना यावर कोण सही करील, हे त्याच दिवशी ठरवून घ्यावे.

निवडीसाठी पैसे मागणारी जागा सोडून द्यावी. नोंदणी शुल्क, पोर्टफोलिओ शुल्क, कार्ड बनवण्याचे पैसे अशी नावे बदलतात, पण इंटर्नला घेण्यासाठी कोणतीही रीतसर संस्था त्याच्याकडून पैसे घेत नाही. मुलाखत हॉटेलच्या खोलीत, कोणाच्या घरी किंवा रात्री उशिरा बोलावली, तर कार्यालयाचा पत्ता आणि दिवसाची वेळ मागावी. नकार आला तर जाऊ नये. पत्ता, वेळ आणि भेटणाऱ्याचे नाव घरी किंवा मैत्रिणीला कळवून निघावे.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही, वेतन असो वा नसो, संरक्षण देतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. त्याहून लहान ठिकाणी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते, आणि तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी करायची असते. समितीवर कोण आहे आणि रात्री उशिरा पॅकअप झाल्यास घरी सोडण्याची व्यवस्था काय, हे दोन प्रश्न मुलाखतीत विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्यावर समोरचा कसा वागतो, याचीही नोंद मनात करावी.

गोपनीयतेच्या करारावर सही करण्यापूर्वी तो घरी नेऊन वाचण्याची मुभा मागावी. त्यात सेटवरची छायाचित्रे, पटकथेची पाने आणि कथेतली वळणे बाहेर न देण्याची अट असते, जी रास्त आहे. तुम्ही आधीपासून लिहिलेल्या कथांवर किंवा इंटर्नशिपच्या वेळेबाहेर केलेल्या लेखनावर संस्थेचा हक्क सांगणारे कलम असेल, तर त्याचा अर्थ लेखी विचारून घ्यावा.

मुलाखतीचा दिवस आणि त्यानंतर

कपडे स्वच्छ, साधे आणि चालायला सोपे असावेत. सूट-टाय इथे परकी वाटते. पंधरा मिनिटे आधी पोचावे, वही-पेन, बायोडाटाच्या दोन प्रती आणि नमुने फोनमध्ये उतरवून घेतलेले असावेत, कारण तळमजल्यावरच्या एडिट रूममध्ये नेटवर्क मिळेलच असे नाही. ताटकळावे लागले तर लागू द्यावे, शूटिंगच्या गडबडीत ते होते; मात्र तासभर कोणीच विचारले नाही, तर स्वागतकक्षात शांतपणे आठवण करावी. स्पॉट दादांपासून ऑफिस सांभाळणाऱ्या ताईंपर्यंत सगळ्यांशी नीट बोलावे. हीच माणसे पुढे तुमची रोजची सोबत असतात, आणि नवा मुलगा कसा वाटला हे त्यांनाही विचारले जाते. व्हिडिओ कॉल असेल तर प्रकाश समोरून येईल अशी जागा निवडावी आणि मोबाइल हातात न धरता टेकवून ठेवावा. प्रकाश आणि फ्रेम यांच्याशी संबंधित क्षेत्रात अर्ज करणाऱ्याची स्वतःची फ्रेम अंधारी दिसणे बरे नाही.

त्याच संध्याकाळी तीन-चार ओळींचा ईमेल पाठवावा: भेटीबद्दल आभार, बोलण्यात आलेली एखादी नेमकी गोष्ट, मागितलेला नमुना जोडलेला, आणि कोणत्या तारखेपासून उपलब्ध आहात. आठवडाभर उत्तर आले नाही तर एकदा विचारावे, त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी आणखी एकदा. रोज संदेश पाठवू नयेत. या क्षेत्रात जागा तारखांवर ठरतात. शेड्यूल पुढे ढकलले गेले की आज नाही म्हटलेल्या संस्थेला महिन्याभराने अचानक माणूस लागतो आणि तेव्हा ती जुने ईमेल चाळते. म्हणून प्रत्येक मुलाखतीची तारीख, भेटलेली व्यक्ती, विचारलेले प्रश्न आणि न आलेले उत्तर यांची एक वही ठेवावी, आणि ज्या प्रश्नाला अडखळलात त्याचे उत्तर पुढच्या मुलाखतीपूर्वी शोधून तिथेच लिहून ठेवावे.